डोळे नसलेला छद्मविंचू: ओळख डोळ्यांवरून पटत नाही

"काय हुडकताय सर?" कराडजवळच्या एका लेण्यात मी पोटावर पडून जमिनीलगतच्या फटीत बॅटरी मारत होतो, तेव्हा दिवाबत्तीला आलेल्या गुरवमामांनी विचारलं.

"विंचू हुडकतोय मामा. पण बिनशेपटीचा. तिळाएवढा."

"शेपटी न्हाई? मग त्यो इच्चू कशाचा?"

मामांचा प्रश्न रास्त होता. तासाभराने फटीतल्या धुळीत फिकट तपकिरी रंगाचा, जेमतेम तीन मिलिमीटरचा एक प्राणी सापडला. पुढे दोन चिमटे, मागे शेपटीचा पत्ता नाही, आणि भिंगाखाली धरला तर डोळेही नाहीत. लेणं, अंधार, डोळे गायब! साताऱ्यात गुहेतला आंधळा छद्मविंचू सापडला असं मी मनाशी ठरवूनच टाकलं आणि पुढचे तीन आठवडे दोन-चार मित्रांना सांगतही सुटलो. नंतर तोंडघशी पडलो. नेमका कुठल्या पायरीवर ते पुढे येईलच. तुमची तशी गत होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी प्राणी तोच आहे ना?

छद्मविंचू कोळी आणि विंचवाच्या नात्यातला आहे, म्हणजे आठ पाय आणि शिवाय पुढे दोन मोठे चिमटे. जगात याच्या ४,००० हून जास्त प्रजातींची नोंद आहे आणि बहुतेकांची लांबी २ ते ८ मिलिमीटरच्या आत असते. अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावरचा सर्वांत मोठा छद्मविंचूही १२ मिलिमीटरपर्यंतच जातो. माणसाला तो डसत नाही. काही कुळांमध्ये विषाची ग्रंथी असते, पण ती चिमट्याच्या बोटात, आणि तिचा उपयोग पिसवांएवढी शिकार लोळवण्यापुरता. जुन्या पोथ्या-वह्यांमध्ये पुस्तकी उवा खात फिरणारा छद्मविंचू कधी ना कधी तुमच्याही हाताखालून गेला असेल. ॲरिस्टॉटलनेही पुस्तकांत सापडणाऱ्या या बिनशेपटीच्या विंचवासारख्या प्राण्याचा उल्लेख केला आहे.

शब्दांचं एक सांगून ठेवतो. आपण विंचवाच्या शेपटीलाही नांगी म्हणतो आणि खेकड्याच्या चिमट्यालाही नांगी म्हणतो. या लेखात नांगी हा शब्दच वापरत नाही. पुढचे मोठे ते चिमटे, आणि तोंडाला लागून असलेली लहान जोडी म्हणजे तोंडचिमटे.

पालापाचोळ्यात तीन प्राणी हटकून फसवतात. विंचवाचं पिल्लू कितीही लहान असलं तरी त्याला शेपटी असते. गोचीड आणि कोळीकिडे यांच्या शरीराची एकच पिशवी दिसते, तर छद्मविंचवाच्या पाठीवर आडव्या पट्ट्या स्पष्ट असतात. तिसरा जास्त चकवतो, तो शिझोमिड. तोही फिकट, तोही बारका, आणि त्यालाही डोळे नसतात. पण त्याची पायांची पहिली जोडी मिशीसारखी लांब असते, तो ती पुढे चाचपडत चालतो, आणि मागे इवलीशी शेंडी असते. दोन्ही एकाच ट्रेमध्ये आले की नवखा माणूस शिझोमिडच उचलतो.

जिवंतपणी एक चाचणी सोपी आहे. मऊ ब्रशने चिमट्यांना हळूच स्पर्श करा. छद्मविंचू चिमटे आवळून झटकन मागे सरकतो, आणि पुढे चालतो त्यापेक्षा जास्त वेगाने.

कुठे शोधायचा

लेण्यात शोधणं ही माझी पहिली चूक. आगाशिव असो की वाईजवळचं लोहारे, ही लेणी माणसाने कोरलेली आहेत आणि त्यांचं वय साधारण दोन हजार वर्षं. तेवढ्या काळात त्याच लेण्यात राहून एखाद्या प्रजातीने डोळे गमावावेत, हे मनाला पटत नाही. तिथे डोळे नसलेला छद्मविंचू सापडलाच, तर तो डोळे बाहेरच कुठेतरी सोडून आलेला असतो: मातीत, फटीत, नाहीतर सालीखाली. शिवाय ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे खणणं-खरवडणं कायद्याने बंद आहे.

वटवाघळांच्या नैसर्गिक गुहांबद्दल तर स्पष्ट सांगतो, नुसत्या हौसेपायी आत शिरू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूचा माग लागला होता. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीची लागण होते, ती वेगळीच.

मग जायचं कुठे? दरडीच्या पायथ्याशी. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये २०१० साली डोळे नसलेली एक प्रजाती वर्णन झाली, पॅरोबिसियम योसेमिटी. ती चुनखडीच्या भव्य गुहेत नव्हती. कड्यावरून ढासळलेल्या ग्रॅनाइटच्या दगडांच्या ढिगात, दगडांमधल्या पोकळ्यांत होती. आपल्याकडे ग्रॅनाइटऐवजी बेसाल्ट, एवढाच फरक. सह्याद्रीच्या प्रत्येक कड्याखाली असे ढीग पडलेले आहेत. वरचे दोन-तीन थर उचलले की खाली थंड, ओलसर काळोख असतो. मी पैज लावायची झाली तर तिथे लावेन.

दुसरी जागा देवराई. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिम भागातल्या देवरायांत पाचोळ्याचा थर कित्येक वर्षं हललेला नसतो. त्याच्या तळाला, माती आणि पाचोळा जिथे एक होतात तिथे, फिकट रंगाचे, लहान डोळ्यांचे किंवा डोळे नसलेले छद्मविंचू शोधावेत. पूर्वेकडे, माण-खटाव, जत-आटपाडीच्या कोरड्या भागात बाभळीची साल आणि सपाट दगडांच्या खालची बाजू बघा. तिथले बहुतेक डोळसच निघतात, पण तुलनेसाठी तेही हाताशी हवेत. दगड मात्र हाताने नाही, काठीने आणि आपल्या बाजूला उलटवायचा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे पळेल. माणदेशात दगडाखाली लाल विंचू हमखास असतो आणि तो डसला तर जिवावर बेतू शकतं, लहान मुलाच्या तर नक्कीच.

परवानगीचं आताच उरकून घेऊ. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून, किंवा सागरेश्वरहून, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही उचलायचं नाही. देवराईत गावकऱ्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर नाही. सुरुवात स्वतःच्या बांधावरच्या आंब्याखाली केली तरी पुरेसं शिकायला मिळतं.

दिवस निवडायचे तर ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलैत पश्चिमेकडचा पाचोळा चिखल झालेला असतो, एप्रिलमध्ये कुरकुरीत. दोन्ही वेळेस प्राणी खोल जातात.

चाळण, फनेल, बाटली

गव्हाची चाळण आणि पांढरा कापड घ्या. तळातला पाचोळा मूठ-मूठ चाळणीत घालून कापडावर झटका. मग दोन मिनिटं काहीही करू नका. धक्का बसला की छद्मविंचू मेल्यासारखा पडून राहतो आणि मातीच्या कणासारखा दिसतो. नवखी माणसं या दोन मिनिटांतच कापड झटकून मोकळी होतात.

उरलेला पाचोळा घरी आणायचा तो कापडी पिशवीत. मी एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून मोटारसायकलला अडकवला आणि उंब्रजला चहाला थांबलो. पंधरा मिनिटांच्या उन्हात पिशवीत वाफ धरली आणि आतलं सगळं उकडून निघालं.

घरी फनेल करा. पाण्याची पाच लिटरची बाटली बुडाकडून कापून उलटी धरली की फनेल तयार. आत जाळी, जाळीवर पाचोळ्याचा चार बोटं थर, तोंडाखाली स्पिरिटची कुपी. वर ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब, वीतभर उंचीवर. एलईडी चालत नाही, कारण आपल्याला ऊब हवी आहे. वरून पाचोळा सुकत जातो तसे प्राणी ओलाव्यामागे खाली सरकतात आणि कुपीत पडतात. दोन-तीन दिवस लागतात. घाईने मोठा बल्ब लावलात तर ते वाटेतच सुकून मरतात.

साठवायला ७० टक्के अल्कोहोल पुरतं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट तात्पुरतं चालतं, जेल सॅनिटायझर अजिबात नाही. पुढे डीएनए काढायचा विचार असेल तर काही नमुने ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये आणि फ्रिजमध्ये ठेवा. ते एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेमार्फतच मिळेल.

डोळे, आणि तेही सर्वांत आधी

पुढे केस मोजायच्या पायरीला नमुना पारदर्शक करावा लागतो, आणि त्यात डोळ्यांचा रंगही निघून जातो. म्हणून डोळे त्याआधीच तपासायचे. हा क्रम चुकला तर मागे वळता येत नाही.

छद्मविंचवाला चार डोळे असतात, दोन असतात किंवा एकही नसतो. असले तर ते डोक्याच्या ढालीच्या दोन्ही कडांना, पुढच्या कोपऱ्यांजवळ असतात. नमुना स्पिरिटच्या उथळ वाटीत बाजूवर झोपवा, ४० पट मोठं दाखवणारं सूक्ष्मदर्शक लावा आणि टॉर्च अगदी तिरपा धरा. खरा डोळा फुगीर असतो, छोट्या भिंगासारखा, आणि प्रकाश फिरवला की त्याच्यावरचा चमकता ठिपका जागा बदलतो. ठिपका हलत नसेल आणि नुसता फिकट डाग दिसत असेल, तर तो नेत्रडाग. म्हणजे भिंग नाही, पण खालचं काहीतरी उरलं आहे. दोन्ही नसतील तरच वहीत "डोळे नाहीत" असं लिहा. नेत्रडाग असेल तर "नेत्रडाग, एक जोडी" असं स्वतंत्र लिहा. वर्णनांमध्ये या तीन गोष्टींत फरक करतात, आपणही करावा.

दोन्ही बाजू बघा. मातीचा कण डोळ्यावर बसला की डोळा "नाही" होतो आणि ढालीवरचा बुडबुडा डोळा "आहे" करून दाखवतो. ब्रशने पुसून परत बघा.

आता मुख्य मुद्दा. डोळे नाहीत हे कळलं म्हणजे प्राणी ओळखला असं अजिबात नाही. छद्मविंचवांच्या वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांशी संबंध नसताना डोळे गमावले आहेत. चर्नेटिडी नावाच्या एका मोठ्या कुळात तर बहुतेकांना डोळे नसतात, फार तर नेत्रडाग असतात, आणि ते गुहेत नव्हे तर सालीखाली, शेणखतात, कुजक्या लाकडात राहतात. काही जण माशीच्या पायाला चिमटा लावून गावभर फुकट प्रवास करतात. नाहीतरी या प्राण्याचं जगणं डोळ्यांवर फारसं चालत नाही. हवेची हालचाल टिपणारे चिमट्यांवरचे लांब केस हीच त्याची खरी नजर. आपणही त्या केसांकडेच वळायचं.

पावलं मोजा

इथे पाच मिनिटं जातात आणि कुळांचा अर्धा गुंता सुटतो. पायाच्या टोकाला, नखांच्या आधी, पाऊल असतं. ते एका पेराचं की दोन पेरांचं? पहिला पाय आणि चौथा पाय बघितले तरी पुरे.

पहिल्या दोन जोड्यांत एक पेर आणि मागच्या दोन जोड्यांत दोन पेरं असतील तर कथोनिइडी आणि त्याच्या भाऊबंदांचा गट. सगळ्या पायांना दोन पेरं असतील तर निओबिसिइडी, ओल्पिइडी, जिओगॅरिपिडी वगैरे. सगळ्यांना एकच पेर असेल तर चर्नेटिडी, ॲटेम्निडी, विथिइडी, केलिफेरिडी यांचा गट. सांधा आणि नुसती सुरकुती यांत गल्लत होते. सांध्यावर पाऊल किंचित वाकतं, सुरकुतीवर नाही.

लेण्यातल्या माझ्या नमुन्याला सगळीकडे एकच पेर होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मनात "गुहा" शब्द बसला होता, तो हलेना.

केस मोजा

यासाठी नमुना पारदर्शक करावा लागतो. खड्ड्याच्या काचपट्टीवर लॅक्टिक ॲसिडचा एक थेंब आणि त्यात नमुना, झाकून एक रात्र. गडद रंगाच्या प्राण्याला दोन-तीन दिवसही लागतात. लॅक्टिक ॲसिड मिळालं नाही तर लवंगतेलाने भागतं, मात्र त्याआधी नमुन्यातलं पाणी तीव्र अल्कोहोलने काढून घ्यावं लागतं, नाहीतर सगळं दुधाळ होतं. मग दोन बारीक सुयांनी उजवीकडचा चिमटा, उजवा तोंडचिमटा, उजवा पहिला आणि चौथा पाय सोडवा. डावी बाजू शाबूत ठेवायची, कारण सुई कधी घसरेल सांगता येत नाही. चिमटा ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर आच्छादक काच ठेवा, आणि ती थेट चिमट्यावर बसू नये म्हणून दोन बाजूंना फुटक्या काचेचे कपरे लावा. दाबला गेलेला चिमटा फुगून रुंद दिसतो आणि मोजमाप खोटं येतं.

आता १०० पटीवर सुरुवात करून ४०० पर्यंत जा. चिमट्यावर साधे केस खूप असतात. आपल्याला हवेत ते ट्रायकोबोथ्रिया: लांब, सरळ, टोकाकडे अतिशय बारीक होत जाणारे आणि प्रत्येकी स्वतःच्या गोल वाटीतून उगवलेले. ही वाटीच खरी खूण. केस तुटून गेला तरी वाटी राहते, म्हणून केस नाही, वाट्या मोजायच्या. चिमटा किंचित फिरवून चारही अंगांनी मोजा, कारण खालच्या अंगाच्या वाट्या वरून दिसत नाहीत.

प्रौढ छद्मविंचवाला, बहुतेक कुळांत, न हलणाऱ्या बोटावर आणि त्याच्या तळव्यावर, म्हणजे चिमट्याची बोटं जिथून निघतात त्या भागावर, मिळून ८ आणि हलणाऱ्या बोटावर ४ अशा १२ वाट्या असतात. पिल्लं तीन टप्प्यांतून जातात. पहिल्या टप्प्यात ३ आणि १, दुसऱ्यात सहसा ६ आणि २, तिसऱ्यात ७ आणि ३. म्हणजे एकूण ४, ८, १० आणि मग प्रौढाच्या १२.

त्या रात्री मी हलणाऱ्या बोटावर मोजल्या: तीन. परत मोजल्या, तीनच. दुसऱ्या बोटावर सात. पाच वेळा मोजून, चिमटा उलटा करून पाहिला, दहाच्या वर आकडा जाईना. म्हणजे माझा "आंधळा गुहावासी" प्रौढसुद्धा नव्हता, शेवटच्या टप्प्यातलं पिल्लू होतं. आणि पिल्लावरून प्रजाती ठरवत नाहीत, कारण प्रौढाची जी लक्षणं तपासायची ती त्याच्यात पूर्ण झालेलीच नसतात. रात्रीचे अडीच वाजले होते. मित्रांना सांगून बसलेल्या सगळ्या गोष्टी एकामागून एक आठवल्या.

एक अपवाद माहीत असू द्या. आयडिओरोन्सिडी कुळात वाट्या बारापेक्षा कितीतरी जास्त असतात. वीसच्या पुढे आकडा गेला तर आपली मोजणी चुकली असं समजू नका.

कुळ आणि वंश

एकपेरी पावलांच्या गटात विषाच्या दाताकडे बघा. पारदर्शक केलेल्या बोटाच्या टोकातून आत जाणारी विषाची बारीक नळी दिसते. फक्त हलणाऱ्या बोटात असेल तर चर्नेटिडी. फक्त न हलणाऱ्या बोटात असेल तर ॲटेम्निडी. दोन्हीत असेल तर केलिफेरिडी किंवा विथिइडी. चर्नेटिडीत बोटांच्या मुख्य दातांच्या ओळीशेजारी आणखी काही सुटे दात असतात, हा दुसरा पुरावा. माझ्या पिल्लाच्या हलणाऱ्या बोटातच नळी होती. म्हणजे ज्या कुळात डोळे नसणं ही रोजची गोष्ट आहे, नेमकं तेच कुळ. वटवाघळांच्या लेंडीवर माश्या येतात, माशीबरोबर हा आला असेल.

खऱ्या अर्थाने रस घ्यावा असा डोळे नसलेला प्राणी बहुधा कथोनिइडीत सापडतो, आणि तो लांबूनही ओळखू येतो. डोक्याची ढाल चौकोनी, पुढे रुंद आणि मागे अरुंद. तोंडचिमटे इतके मोठे की वरून पाहिलं तर चिमट्यांच्या दोन जोड्या असल्यासारखं वाटतं. मोठ्या चिमट्यांची बोटं लांब आणि सडपातळ. तळव्याच्या पाठीवर मधोमध दोन वाट्या जोडीने बसलेल्या दिसतात. या जागेवर त्या दुसऱ्या कुळांत सहसा नसतात. बोटांत विष नसतं. या कुळात सहसा चार डोळे असतात, पण मागची जोडी क्षीण झालेले, दोन्ही जोड्या क्षीण झालेले आणि पूर्ण डोळे गेलेले असे सगळे टप्पे एकाच वंशाच्या वेगवेगळ्या प्रजातींत बघायला मिळतात. म्हणूनच "डोळे नाहीत, म्हणजे वेगळा वंश" हा तर्क इथे चालत नाही.

वंशासाठी प्राणी उताणा करा. पायांच्या बुडख्यांवर, जिथे पाय शरीराला जोडलेले असतात तिथे, काही वंशांत पिसासारखे किंवा काट्यासारखे खास काटे असतात. ते कितव्या पायाच्या बुडख्यावर आहेत, किती आहेत आणि टोकाला फुटलेले आहेत का, हे चित्र काढून लिहा. फोटोत ते नीट येत नाहीत. टायरॅनोकथोनियस आणि लॅजिनोकथोनियस हे दोन्ही वंश भारतात आहेत आणि दोघांचेही काटे दुसऱ्या बुडख्यावर असतात. फरक चिमट्यात. लॅजिनोकथोनियसचा तळवा सुरईसारखा असतो: पोट फुगीर आणि बोटांकडे एकदम मान आवळलेली. नावातला ग्रीक शब्दही सुरईचाच. शिवाय हलणाऱ्या बोटाच्या मुळाशी आतून एक गडद, कठीण तुकडा दिसतो. टायरॅनोकथोनियसचा तळवा बोटांकडे हळूहळू निमुळता होत जातो. दोन्ही शेजारी ठेवून एकदा पाहिले की पुन्हा चूक होत नाही. पण एकटाच असला की "थोडी मान आहे" असं प्रत्येकात दिसायला लागतं, तेव्हा सावध राहा.

मोजमाप

हे कंटाळवाणं, पण टाळून चालत नाही. नेत्रभिंगातली मोजपट्टी आणि मानक काचपट्टी जुळवून घ्या. मानक पट्टीवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटर. भिंग बदललं की जुळणी पुन्हा.

मोजायचं काय? ढालीची लांबी-रुंदी, चिमट्याच्या हाताच्या प्रत्येक पेराची लांबी-रुंदी, तळवा, आणि हलणारं बोट. लांबीला रुंदीने भागून गुणोत्तर काढा. या हाताचं 'मांडी' म्हणतात ते पेर ०.६० मिलिमीटर लांब आणि ०.१२ रुंद असेल तर गुणोत्तर ५. अंधारात, पोकळ्यांत मुरलेल्या प्रजातींत हात लांबसडक होतात आणि हे आकडे चढतात. डोळे नसणं, फिकट रंग आणि चढलेली गुणोत्तरं ही तिन्ही एकत्र आली तर खोलवरच्या पोकळ्यांत राहणाऱ्या प्रजातीची शंका घ्यायला जागा आहे. नुसता फिकट रंग मोजू नका. नुकतीच कात टाकलेला कुठलाही छद्मविंचू दोन-तीन दिवस फिकटच असतो.

चिमटा मोजताना त्याच्या मुळाशी असलेला देठ धरला की वगळला, ते आकड्याच्या शेजारी लिहा. हे न लिहिल्याने माझी वहीभर मोजमापं दुसऱ्यांच्या वर्णनांशी ताडून बघताना कुचकामी ठरली. ढालीवरच्या केसांची संख्याही पुढच्या कडेला किती आणि मागच्या कडेला किती अशी लिहून ठेवा. दोन्ही बोटांवरचे दात मोजा. ते टोकदार आहेत की बोथट, एकमेकांना चिकटून की सुटे सुटे, हेही लिहा. कथोनिइडीत जवळच्या प्रजाती पुष्कळदा याच दातांवरून वेगळ्या होतात.

प्रजातीचं नाव आणि "नवी आहे का?"

इथे हौशी माणसाने हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. भारतातल्या छद्मविंचवांवर व्ही. ए. मूर्ती आणि टी. एन. अनंतकृष्णन यांचा मोठा ग्रंथ १९७७ चा आहे. त्यानंतर नावं बदलली, वंश हलले, नवी वर्णनं आली. त्या वंशाच्या भारतातल्या आणि शेजारच्या सगळ्या प्रजातींची मूळ वर्णनं जमवून एकेक लक्षण ताडून पाहिल्याशिवाय नाव लावता येत नाही. "नवी प्रजाती" म्हणायला तर प्रौढ नर आणि मादी दोन्ही, शक्यतो एकाहून जास्त नमुने, डीएनए आणि संग्रहालयात कायमचा ठेवलेला नमुना लागतो. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. नीट लेबल लावलेला नमुना घेऊन गेलेल्या माणसाशी बोलायला तिथे कुणीतरी सापडतं. लेबल नसलेल्या नमुन्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बघूही नये.

लेबल कुपीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनने लिहून मी एकदा आठ कुप्यांचं स्पिरिट निळं केलं आहे आणि आठही नमुने कायमचे बेवारस झाले आहेत. त्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला, एवढं हवंच. मग वहीत त्याच क्रमांकाखाली डोळे, पावलं, वाट्या, विषाची नळी, काटे, मोजमापं.

माझ्या लेण्यातल्या कुपीतलं लेबल मी फाडलं नाही. त्याच्यामागे दुसरा कागद घातला आहे: "चर्नेटिडी, शेवटच्या टप्प्यातलं पिल्लू, वाट्या ७ आणि ३, डोळे नाहीत. गुहेशी संबंध नाही. प्रौढ हवा." गेल्या नोव्हेंबरात प्रौढ शोधायला पुन्हा गेलो, तेव्हा मामांनी लांबूनच हाक मारली, "घावला का वो त्यो बिनशेपटीचा?"

"घावलाय मामा, पण पोर हाय अजून."

"मग वाढू द्या की," म्हणाले आणि घंटा वाजवायला आत गेले.